दावणीचं चाक

पोळ्याला आमच्या गावात वेशीतून पहिला बैल आमच्या घरचा जातो. त्याची शिंगं तोरणाला लागतात, तोरण तुटतं, मग पोळा फुटला म्हणायचं आणि बाकी गावानं आपापले बैल हाकायचे. पाटलाचे बैलसुद्धा आमच्या मागून. हा मान कुणी दिला, का म्हणून दिला, मला ठाऊक नाही. विचारायची गरज कधी पडली नाही. नियम एकच आहे, बैल स्वतःच्या दावणीचा पाहिजे. उसना आणलेला चालत नाही. ज्या वर्षी दावण रिकामी, त्या वर्षी मान पुढच्या घराला जातो, आणि एकदा गेलेला परत येत नाही. पुढचं घर म्हणजे माझा धाकटा चुलत भाऊ. त्याच्याकडं खिल्लारी जोडी आहे, आणि ती जोडी जगातली पहिलीच असल्यासारखा तो चालतो.

तर आमचा शेवटचा बैल उन्हाळ्यात म्हातारा होऊन गेला. बांधाला खड्डा काढून त्याला मूठमाती दिली. दुसरा आणावा म्हणून आष्टीच्या बाजाराला जायला मी पटका बांधला, तर आमची म्हातारी दारात आडवी उभी राहिली.

"कुटं निघालाव?"

"बैल बघाया."

"बघा आन् तिकडंच ऱ्हावा. लगीन होऊन आल्यापासनं शेण काढतीया मी. माझी कंबर न्हाई का? ह्या घरात आता शेपटीचं काईबी आलं तर मी लेकीकडं जाते. मग तुमी आन् बैल मिळून भाकऱ्या थापा."

मी हट्टी आहे हे साऱ्या पाटोदा तालुक्याला ठाऊक आहे. पण भाकरी कोण थापतं हेही मला ठाऊक आहे. मी पटका सोडला.

ही बातमी भावकीत जायला किती वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी चुलत भाऊ ओट्यावर येऊन बसला. चहा घेतला. मग पिशवीतून कागदात गुंडाळलेली मातीची बैलजोडी काढून माझ्यापुढं ठेवली. ज्यांच्या घरी बैल नसतो ते पोळ्याला पाटावर मातीचे बैल पुजतात.

"कुंभाराकडं गेलतो दादा. म्हणलं, तुमाला औंदा लागंल."

"चहा पिऊन झाला आसंल तर ऊठ आता," मी म्हणालो.

मी चौथी शिकलो. पाचवीच्या गुरुजींचं आणि माझं पटलं नाही. पण पाटोद्याच्या बाजारात मी जन्मभर जळलेल्या मोटारी भरल्या आहेत. विहिरीच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या. जळकी तार काढायची, नवी तार भरायची. माझ्या हातची मोटार पुन्हा जळली तर ती मालकाच्या चुकीनं, हे मी दुकानातच भिंतीवर लिहून ठेवलं होतं. त्यामुळं मातीच्या बैलापुढं हात जोडणारा माणूस मी नव्हे.

त्याच सुमारास माझी नात, मुलाची मुलगी, सुटीला आली. ती पुण्यात विजेच्या गाड्यांच्या मोटारी काढायचं काम करते. काढायचं म्हणजे संगणकावर चित्र काढायचं, मग दुसरं कुणीतरी ते बनवतं. लोकांच्या नाती आजोबाला पेढे आणतात. हिनं गाडीच्या डिकीतून एक चाक काढलं.

"बघा आबा, आमी काय बनवतो ते."

मी चाक उलटंपालटं करून बघितलं. "मोटार कुठाय?"

"हीच मोटार. चाकच मोटार हाय."

"आन् साखळी? पट्टा? गेर?"

"काईच न्हाई."

मग तिनं सांगितलं. चाकाचा आस जागचा हलत नाही. त्या आसावर पत्र्याच्या दातांना तांब्याची तार गुंडाळलेली असते. बाहेरच्या डब्याला आतून गोल चुंबकं चिकटवलेली असतात, आणि तो डबाच टायर घेऊन फिरतो. आतलं थांबतं, बाहेरचं पळतं.

"म्हंजे छताचा पंखा," मी म्हणालो. "उभा करून रस्त्यावर सोडलेला."

"तसंच समजा. फक्त पंख्यात चुंबक नसतं. ह्यात कायमचं चुंबक हाय. वीज तोडली तरी त्याची ओढ जात न्हाई."

माझ्या दुकानातल्या मोटारी वीज गेली की मढं होऊन पडायच्या. हे चाक बटण न दाबताही जिवंत होतं. मी खिशातला पेचकस त्याच्याजवळ नेला तर आत कुणीतरी बसल्यागत त्यानं तो ओढून घेतला.

"खातं काय हे?"

"बॅटरी."

"शेण?"

"आं?"

"काई न्हाई. शेपूट हाय का?"

नात माझ्याकडं बघत राहिली. पण माझं ठरलं होतं. ओढतं, खातं, जिवंत आहे, शेण टाकत नाही आणि शेपूट नाही. म्हातारीला बोलायला जागा नव्हती.

"मला एक बैल काढून दे," मी तिला म्हणालो. ती हसली. मी हसत नाही म्हटल्यावर थांबली.

तिला गाड्यांच्या चाकाची सवय, मला बैलाची. ती विचारायची एक, मी सांगायचो एक.

"आबा, स्पीड किती पायजे?"

"शेजारनं चालणाऱ्या माणसाला तंबाखू मळता यावी एवढा."

"आन् ओढ?"

"भरली गाडी चिखलातनं निघावी एवढी."

तिनं डोकं खाजवलं. म्हणाली, म्हणजे वेग थोडा आणि ओढ लई. गेर नाही म्हटल्यावर ती ओढ मोटारीनंच द्यायची. त्यासाठी चाक घेराला मोठं पाहिजे, चुंबकं पुष्कळ पाहिजेत, आणि चुंबक आणि दात यांच्यामध्ये टाचणीच्या डोक्याएवढीच फट पाहिजे. फट वाढली की ओढ गेली. हे मला पटलं. जू आणि मान यांत फट राहिली तर बैल काय ओढणार?

भंगारातून एका जुन्या जीपचं चाक आणलं. पुण्याहून तिनं पातळ पत्र्याच्या चकत्या कापून पाठवल्या, काठाला छत्तीस दात असलेल्या. सोबत एका खोक्यात थर्माकोलमध्ये निजवलेली चाळीस चुंबकं. बॅटरी आणि पिळायची मूठ एका मोडक्या विजेच्या स्कूटरची. तारा मी भरल्या. त्यात मला कुणी शिकवायचं नाही, आणि तिनं शिकवलंही नाही, एवढं तिचं चांगलं आहे.

चुंबकांचं मात्र काही विचारू नका. ती खोक्यातून निघाली आणि गोठ्यात दंगल सुरू झाली. गोठ्यातलं सगळं लोखंड आपलं सोयरं असल्यासारखी ती धावत सुटली. एकानं विळा धरला. दोघं एकमेकांवर आपटली, मधे माझं बोट. एक म्हातारीच्या उलथन्याला चिकटून थेट चुलीपर्यंत गेलं. ती लावायची एक उत्तर, एक दक्षिण, एक उत्तर, एक दक्षिण अशी. ओळख राहावी म्हणून मी उत्तरेला कुंकू लावलं आणि दक्षिणेला हळद. म्हातारी दारातून बघत होती.

"चाकाची ओटी भरताव व्हय?"

"गप बस. तुला न्हाई कळायचं."

"मला न्हाई कळायचं, पण त्याला दिवस गेले की सांगा. बाळंतविडा शिवते."

छत्तीस चुंबकं लावून झाली. एका दाताला एक चुंबक, समोरासमोर, जोडीला जोडी. चार उरली. मी म्हणालो, पुण्याच्या दुकानदारानं वर घातली असतील. आमच्या बाजारातही मेथीच्या जुडीवर वर चार काड्या घालतात. म्हातारीनं ती चार लोखंडी कपाटाला लावली आणि त्यांच्यावर पळ्या टांगल्या. कित्येक वर्षांत माझ्या धंद्याचा तिला झालेला हा पहिला उपयोग, असं ती म्हणाली.

चाक बंद केलं. हातानं फिरवलं तर ते फिरेना. जोर केला की एक घर सरकायचं आणि खटकन बसायचं. वीज दिली तर हुं म्हणालं, थरथरलं आणि उभं राहिलं. अगदी अडलेल्या बैलासारखं. शेपूट असती तर पिरगाळली असती.

नातीला फोन लावला. मोबाइलच्या पडद्यावर तिचा चेहरा आला.

"आबा, चुंबकं किती लावली?"

"दात तेवढी."

"मी चाळीस दिलती."

"चार जास्तीची व्हती."

"जास्तीची नव्हती आबा! सगळी चुंबकं एकाच येळी आपापल्या दाताला जाऊन भिडली तर कुणीच हलत न्हाई. म्हणून तर थोडी कमीजास्त घेतो. एक बसलं की दुसरं ओढतं, दुसरं बसायला गेलं की तिसरं."

"बैलाची जोडी जमली तर बैल चालतो. अडत न्हाई."

"जोडी जमली की घरात बसून ऱ्हातात आबा. आजीला इचारा."

आजी मागं उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. काही दिवस मी त्या चाकासमोर बसून राहिलो, की बघू कोण आधी हलतं. पण श्रावण संपत आला होता आणि चुलत भावानं बैलांच्या शिंगांसाठी रंग आणल्याचं कानावर आलं होतं. मी नातीला कळवलं, तुझ्या समाधानासाठी चाळीस लावतो. चिकटलेली छत्तीसच्या छत्तीस काढताना बोटांची सालं निघाली, ते मी तिला कळवलं नाही. म्हातारी कपाटावरची चार देईना. "पळ्या कुटं टांगू?" म्हणाली. भिंतीत खिळे ठोकून दिले तेव्हा चुंबकं सुटली.

चाळीस लावली. हातानं फिरवलं. चाक लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं.

मी म्हातारीकडं बघितलं नाही. तिनं बघितलेलं मला पाठीला कळलं.

गाडीला जिथं बैल उभे राहतात तिथं, जुवाच्या खाली, ते चाक एका लोखंडी चिमट्यात बसवलं. सायकलच्या पुढच्या चाकाला असतो तसा चिमटा, वर वळवायला दांडा, दांड्याला मूठ. बॅटरी मागं साटीवर, गाडीच्या फळ्यांवर. मूठ पिळली. गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही. गल्लीतली कुत्री आधी भुंकली आणि मग कुणावर भुंकायचं ते न कळून गप्प बसली. चुलत भावाच्या दारावरून मी तीनदा गेलो. काम काहीच नव्हतं.

चौथ्यांदा जायच्या आत पाटलांनी मला मारुतीच्या पारावर बोलावलं. गाव जमलं होतं. चुलत भाऊ आधीच येऊन बसला होता.

"पोळ्याला हे पुढं काढनार म्हनं तू?" पाटील म्हणाले.

"माझ्या दावणीचा हाय. काढनार."

"आरं, हे ट्रॅक्टरच झालं. ट्रॅक्टर शेवटाला असत्यात."

"ट्रॅक्टर डिझेल पितो, बोंबलतो. हा बोंबलतो का?"

"शेण टाकतो का पण?" चुलत भावानं विचारलं.

"तुझा बैल दोन दिवस तुंबला तर त्याला बैल म्हणत न्हाईस का?"

लोक हसले. पाटलांनी चाकाला फेरी मारली. "ह्याला शिंगं न्हाईत."

"भुंडा हाय."

"आं..." पाटील जरा थबकले. भुंडा बैल गावात होता, आणि तो त्यांचाच होता.

"वळण कसं हाय? कुनाचा हाय हा? कुठला?" चुलत भाऊ उठून उभा राहिला. "कुठल्या बाजारातनं आनला?"

इथं तो चुकला. मी पटका सारखा केला. "बाजारातनं तुमी आनलेत. गावातला एकेक बैल बाजारातनं आलाय. माझा माझ्या गोठ्यात जन्मला. सगळ्या गल्लीनं बाळंतपणाचा आवाज ऐकलाय."

ते खरंच होतं. हातोड्यानं साऱ्या गल्लीची दुपारची झोप घालवली होती. शिवाय चाक आणल्यापासून मी ते रोज संध्याकाळी दावणीला कासऱ्यानं बांधत होतो, आणि तेही सगळ्यांनी बघितलं होतं. पाटलांनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "दावणीचा हाय, घरी जन्मलेला हाय, वढतो. मी तरी न्हाई कसा म्हनू?"

मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जुवानं घासलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकतात, त्यांना हळद आणि तूप चोळतात आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्यासाठी नात पुण्याहून आली होती. म्हातारी वाटीत हळद-तूप घेऊन गोठ्यात आली. बैल नको म्हणणारी हीच, पण रीत म्हटली की ती कुणाची नाही.

"ह्याचा खांदा कुटं हाय?"

मी आसाची दोन टोकं दाखवली. तिनं मन लावून तूप चोळलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," चाकाला म्हणाली, आणि नातीनं तोंड फिरवलं.

तेवढ्यात पाटलांना घेऊन चुलत भाऊ आला. चेहरा असा गरीब केलेला, की मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

"दादा, मला आता पटलं बघा. हा बैलच हाय."

"मग?"

"न्हाई, बैलच हाय म्हणतो. पाटलाच्या समोर म्हणतो. पण मग दादा, ह्याच्या मानेवर जू कसं? खांदेमळणी झाली की पोळा सरोस्तोवर बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. तुमीच मला ल्हानपणी त्यापायी मारलतं. बैल म्हणताव तर गाडी सोडा. गाडी सोडत न्हाई म्हणताव तर मग ही मोटार हाय. शेवटाला, ट्रॅक्टरच्या मागं."

पाटलांनी मान हलवली. मीही हलवली असती, माझी स्वतःची गोष्ट नसती तर. जो पोळ्याला बैल जुंपतो त्याच्या घरचं पाणी आम्ही पीत नाही. माझाच बैल खरा करून त्यानं माझ्या पायात घातला होता.

"सोडतो," मी म्हणालो. आणि त्यांच्यादेखत मी जुवाचा बोल्ट काढला, चिमट्यासकट चाक गाडीपासून बाजूला घेतलं. "चालंल हा. एकटा चालंल."

ते गेल्यावर मी बॅटरीची वायर जोडली, चिमटा एका हातानं उभा धरला आणि मूठ पिळली. चाक जागचं हललं नाही. चिमटा मात्र माझ्या हातातून निसटून मागं फिरला आणि म्हातारीच्या पाण्याच्या हंड्यावर असा आपटला, की हंड्याला नवीन तोंड फुटलं.

"आता लाथाबी मारतोय," म्हातारी म्हणाली. "बैलच हाय."

नातीनं मला बाजूला घेतलं. "आबा, चाक जेवढं जमिनीला ढकलतं तेवढंच आसाला उलटं ढकलतं. इतके दिवस तो धक्का गाडी सोसत व्हती. आता गाडी न्हाई, म्हणजे तुमी सोसायचा. मागं चालायचं, दांडा दोनी हातांनी धरायचा. तो खाली दाबंल, तुमी वर धरायचा. आन् काई झालं तर मूठ सोडायची. सोडली की चाक थांबतं. ध्यानात ठेवा, सोडायची."

"हां."

"म्हणा."

"सोडायची."

म्हणायला काय जातं! माझ्या बापानं मला एकच गोष्ट शिकवली होती, आणि ती शाळेआधी शिकवली होती. बैल उधळला तर हात तुटला तरी चालेल, कासरा सुटता कामा नये. सोडला की बैलही गेला आणि माणूसही गेला. ते शिकवणं हाडात गेलेलं असतं. त्याच्यावर पुण्याचं शिकवणं कुठं बसणार?

पोळ्याच्या दिवशी चाकाला ओल्या फडक्यानं पुसून काढलं. धुता येत नाही, तारांत पाणी जातं. चिमट्याला बाशिंग बांधलं, दांड्याला घुंगरमाळ घातली, वर आमच्या मेलेल्या बैलाची झूल दुमडून टाकली. बॅटरी एका पिशवीत घालून मी पाठीला लावली.

"बैलाची वैरण मालकाच्या पाठीवर," चुलत भाऊ वेशीत म्हणाला. "बघा रे, कलियुग बघा."

मी त्याच्याकडं बघितलं नाही, तोरणाकडं बघितलं. आंब्याच्या पानांचं तोरण त्यानंच पुढाकार घेऊन बांधलं होतं, आणि ते बरोबर त्याच्या खिल्लाऱ्यांच्या शिंगांच्या उंचीला होतं. माझं चाक माझ्या मांडीएवढं. म्हणजे जूही सुटलं, वर ते तोरणालाही पोचायचं नाही. त्यानं सगळा विचार करून ठेवला होता. तोरण तुटलं नाही तर पोळा फुटत नाही, आणि मग पुढच्या घरचा बैल पुढं घ्यावा लागतो.

सगळे बैल मागं उभे राहिले. मंगलाष्टकं झाली. लोकांनी अक्षता टाकल्या. त्यातल्या काही चाकाच्या फटीत शिरल्या आणि नातीनं कपाळाला हात लावला. ताशा वाजला. पाटील म्हणाले, "हाका!"

मी मूठ पिळली.

तिनं सांगितलं होतं तेच झालं. चाक निघालं आणि दांडा खाली दाबायला लागला. मी वर धरायला गेलो, पण दांड्याला अजून कालच्या खांदेमळणीचं तूप होतं. दांडा खाली गेला, त्याच्याबरोबर मनगट वळलं, मनगट वळलं तशी मूठ आणखी पिळली गेली. मूठ पिळली तसं चाक आणखी जोरात, चाक जोरात तसा दांडा आणखी खाली. मी कमरेत वाकलो आणि चाकामागं पळायला लागलो. तंबाखू मळायचा वेग कधीच मागं पडला होता.

"आबा, सोडा!" नात ओरडली. "मूठ सोडा!"

सारं गाव ओरडत होतं, "सोडू नका! धरा! धरा!" कारण सारं गाव माझ्यासारखंच, कासऱ्यावर वाढलेलं. एवढ्या लोकांचं ऐकायचं की एका पोरीचं? मी आणखी घट्ट धरलं.

वेस समोर आली. मी टाचा मातीत रोवल्या, अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून दांडा ओढला आणि कमरेतून सरळ ताठ उभा राहिलो.

तोरण माझ्या पटक्याला लागलं.

एवढंच मला कळलं. तोरणाची दोरी पटक्यात अडकली, ताणली आणि कडकन तुटली. तिचं टोक पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यात गुंतलं. पट्टा तुटला, बॅटरी खाली पडली, वायर निघाली. चाक तिथंच मेल्यासारखं थांबलं. मी वेशीच्या आत, दांडा हातात, कपाळावर आंब्याची पानं. मूठ तशीच पिळलेली.

ताशा थांबला.

"पोळा फुटला का?" मागून कुणीतरी विचारलं. बैल चुळबुळ करत होते.

पाटील जवळ आले. चाकाकडं बघितलं, तोरणाकडं बघितलं, माझ्या डोक्याकडं बघितलं. "फुटला तर. तोरन तुटलंय. सवाल हाय की तोडलं कुनी?"

"माझ्या चाकानं," मी म्हणालो.

"चाक तर खाली हाय. तोरन ज्याच्या शिंगात, मान त्याचा. आन् तोरन तर तुझ्या टकुऱ्यात हाय."

"पाटील, तो मानूस हाय!" चुलत भाऊ मधे पडला.

"काल तूच म्हनलास, जू नसंल तर बैल. ह्याच्या मानेवर जू हाय का?"

"पाठीवर बॅटरी व्हती. वझं व्हतं!"

"वझं खाली पडलंय." पाटील गावाकडं वळले. "आता फकस्त एकच इचारायचं ऱ्हायलं. हा कुनाच्या दावणीचा?"

बायकांच्या घोळक्यातून आमची म्हातारी ओवाळणीचं ताट घेऊन पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"माझ्या," ती म्हणाली. "कवाचा माझ्याच दावणीला हाय. उसना न्हाई, बाजारातला न्हाई. शेण तेवढं काढावं लागत न्हाई, एवढंच सुख."

हसण्याचा असा लोंढा आला, की मागं चुलत भावाचे खिल्लारी बुजले. तो त्यांना आवरायला पळाला, आणि त्यानंही कासरा सोडला नाही.

मला संताप आला होता. बैल मी नव्हतो. बैल ते चाक होतं. माझ्या हातानं भरलेल्या तारा, बोटांची सालं काढून बसवलेली चुंबकं. ते गाडी ओढून दाखवत होतं, एकटं चालून दाखवत होतं. साऱ्या गावाला ओरडून सांगावं, की मान त्याचा आहे, माझा नाही, म्हणून मी तोंड उघडलं.

म्हातारीनं त्या उघडलेल्या तोंडात पुरणपोळीचा घास कोंबला. मानाच्या बैलाला पहिला घास घरधनीण भरवते, तशी रीतच आहे. घास मोठा होता. तिचा चेहरा माझ्या तोंडाजवळ होता आणि ती दात न उघडता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "आता बोलशीला तर मान पुढच्या घरी जातोय. गप खावा."

नात चाकाजवळ बसून त्याच्या आतल्या अक्षता काडीनं काढत होती. माझ्या कपाळावरून आंब्याचं एक पान नाकावर आलं होतं, आणि दोन्ही हातांत दांडा असल्यानं ते काढता येत नव्हतं. मागून ताशा पुन्हा सुरू झाला. पहिली खिल्लारी जोडी माझ्या बाजूनं वेशीत शिरली. त्यातल्या डाव्या बैलानं जाता जाता माझ्या पटक्यातलं तोरण हुंगलं आणि एक पान ओढून घेतलं.

मी चावत राहिलो.